बाबांच्या फुप्फुसातली गाठ आणि रोबोटिक रेडिओसर्जरी : एक सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. बाबा ७१ वर्षांचे, जुने धूम्रपान, सीओपीडी (श्वासमार्ग अरुंद होत जाणारा फुप्फुसाचा जुनाट आजार). उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात, कडेला, २.२ सेंटिमीटरची गाठ. बायॉप्सीत कर्करोग निघाला, पेट स्कॅनमध्ये (शरीरभर कर्करोग शोधणारी तपासणी) इतरत्र काही दिसलं नाही. छातीच्या सर्जननी सांगितलं की श्वासाची ताकद बघता ऑपरेशन झेपणार नाही, त्यापेक्षा रोबोटिक रेडिओसर्जरी करा, तीन ते पाच वेळा यावं लागेल. मुलाचं विचारणं असं : यात रोबो नेमकं करतो काय? चीर नाही, भूल नाही, दुखत नाही, मग खोट कुठे आहे? आणि हे इतकं सोपं असेल तर मागच्या वर्षी मावशीच्या मेंदूत साडेचार सेंटिमीटरची गाठ निघाली, डोकेदुखी आणि उलट्या चालू होत्या, तेव्हा तिची कवटी का उघडली? तिला हेच का नाही दिलं?

मी रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्ट आहे आणि गेली बरीच वर्षं या प्रकारचे उपचार करतो आहे. मावशीचा प्रश्न तुम्ही शेवटी जाता जाता विचारलात, पण सगळ्यात नेमका तोच आहे. त्याकडे येतोच. आधी रोबोचं बघू.

'सर्जरी' या शब्दाने घोटाळा होतो. रोबोटिक सर्जरी म्हणजे सर्जन कन्सोलवर बसून रोबोच्या हातांनी पोटात ऑपरेशन करतो, ती वेगळी गोष्ट. तिथे भोकं पाडतात, भूल देतात, टाके पडतात. रोबोटिक रेडिओसर्जरीत यातलं काहीच नसतं. हा रेडिएशनचाच एक प्रकार आहे. रेडिओसर्जरी हा शब्द स्वीडनचे न्यूरोसर्जन लार्स लेक्सेल यांनी १९५१ मध्ये काढला. त्यांचं म्हणणं असं की मेंदूत खोलवरच्या एका बिंदूवर चारही बाजूंनी बारीक किरणशलाका सोडल्या, तर प्रत्येक शलाका वाटेत फारसं नुकसान करणार नाही, पण सगळ्या जिथे मिळतील तिथे चाकूने कापल्यासारखा परिणाम होईल. यातूनच पुढे १९६८ मध्ये स्टॉकहोममध्ये पहिलं गॅमा नाइफ, म्हणजे मेंदूवर अशा शलाका सोडणारं यंत्र, आलं. त्यात एक धातूची चौकट चार स्क्रूंनी कवटीला घट्ट बसवायची. डोकं आणि चौकट एकजीव झाले की चौकटीवरच्या मोजपट्टीने मेंदूतला कुठलाही बिंदू सांगता येतो.

मेंदूसाठी हे उत्तम. पण फुप्फुसाला चौकट कुठून बसवणार?

स्टॅनफर्डचे न्यूरोसर्जन जॉन ॲडलर १९८५ च्या सुमारास लेक्सेल यांच्याकडे स्टॉकहोमला शिकायला गेले होते. परत आल्यावर त्यांनी प्रश्नच उलटा केला. रुग्णाला यंत्राला बांधून ठेवण्याऐवजी यंत्रानेच रुग्णाला शोधत राहावं, तो हलला तर त्याच्यामागे हलावं. त्यातून सायबरनाइफ, म्हणजे रेडिओसर्जरीचं रोबोटिक यंत्र, झालं. पहिला रुग्ण १९९४ मध्ये स्टॅनफर्डला, आणि मेंदूबाहेर शरीरात कुठेही वापरायला अमेरिकेच्या एफडीएची (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मान्यता देणारी सरकारी संस्था) परवानगी २००१ मध्ये.

यंत्र पाहिलंत तर पहिल्यांदा मोटारींचा कारखाना आठवेल. हात तोच असतो, मोटारीच्या सांगाड्याला वेल्डिंग करणारा, सहा सांध्यांचा औद्योगिक रोबो. फक्त त्याच्या पंजात वेल्डिंगच्या बंदुकीऐवजी एक आटोपशीर लिनिअर ॲक्सिलरेटर, म्हणजे लिनॅक, धरलेला असतो. त्यातून ६ मेगाव्होल्टचे क्ष-किरण निघतात. तोंडाशी कॉलिमेटर असतो, त्याच्यामुळे शलाकेची जाडी ५ मिलिमीटरपासून ६० मिलिमीटरपर्यंत ठरवता येते. छताला दोन एक्स-रे ट्यूब, जमिनीत त्यांचे डिटेक्टर. उपचार चालू असताना हे दोन एक्स-रे ठरावीक वेळाने फोटो काढत राहतात, संगणक ते फोटो आधीच्या सीटीशी ताडून बघतो आणि मिलिमीटरभरही फरक आढळला तर रोबोचा हात तेवढा सरकवून घेतो.

म्हणजे रोबो तुमच्या वडिलांना शिवणारही नाही. तो फक्त चांगला नेम धरतो. कुठे, किती आणि कुठून मारायचं हे सगळं आधीच माणसांनी ठरवलेलं असतं, आणि चुका व्हायच्याच असतील तर तिथे होतात.

आमच्याकडे रुग्ण अजूनही रेडिएशनला 'शेक' म्हणतात. शब्द गोड आहे पण फसवा आहे. डोसचं एकक ग्रे, म्हणजे एक किलो ऊतीत एक ज्यूल ऊर्जा. तुमच्या वडिलांना तीन सिटिंगमध्ये मिळून ५४ ग्रे दिले असं धरा. एवढ्या सगळ्या ऊर्जेने गाठीचं तापमान किती वाढेल? सेल्सिअसच्या एका अंशाचा शंभरावा हिस्सा, फार तर थोडं वर. कोमट पाण्याची पिशवी याच्यापेक्षा कितीतरी जास्त शेकते. क्ष-किरण गाठीला भाजत नाहीत. ते पेशीतला डीएनए दोन्ही धाग्यांनिशी तोडतात आणि गाठीला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्यांचं अस्तर बिघडवतात. डीएनए तुटलेली पेशी तिथल्या तिथे मरत नाही. बऱ्याचशा पेशी पुढे दुभंगायला जातात तेव्हा मरतात. म्हणूनच उपचाराच्या दुसऱ्या दिवशी स्कॅन केला तर गाठ जशीच्या तशी दिसते, आणि हळू वाढणारी गाठ हळूच आटते. 'काल रेडिएशन झालं, आज गाठ गेली का डॉक्टर?' या प्रश्नाला माझं उत्तर नेहमी 'महिन्यांत बोलू' असंच असतं.

आता तीन-पाच सिटिंगमागचं गणित. नेहमीचं रेडिएशन दोन-दोन ग्रेच्या हप्त्यांत, सहा-सात आठवडे चालतं. त्यामागचा विचार असा की वाटेतल्या निरोगी पेशी रात्रीतून डागडुजी करून घेतात, कर्करोगाच्या पेशींना ते तितकं जमत नाही. रेडिओसर्जरीत एका वेळेला १५, १८, २० ग्रे जातात. इतक्या मोठ्या डोसच्या वाटेत आलेल्या निरोगी पेशीला डागडुजीची संधी उरत नाही. म्हणून इथे सगळा भरवसा निरोगी भाग वाटेतून वगळण्यावर. शलाका शंभर-दीडशे वेगवेगळ्या दिशांनी येतात, एकेकीतून थोडंसंच जातं, आणि गाठीच्या कडेपासून काही मिलिमीटरवर डोस झपाट्याने उतरतो. या उतारावर सगळा उपचार उभा आहे. दोन ग्रेच्या हप्त्यात नेम एखाद्या दिवशी तीन मिलिमीटर चुकला तर उरलेल्या एकोणतीस दिवसांत ते विरून जातं. तीनच सिटिंग असतील तर एक चुकणं म्हणजे तिसरा हिस्सा उपचार चुकणं.

तुमच्या विचारण्यात 'चीर नाही' आणि 'धोका नाही' या गोष्टी एकमेकींना चिकटल्या आहेत, त्या वेगळ्या करायला हव्यात. कापलेली जागा सर्जन डोळ्यांनी बघतो, रक्त आलं तर थांबवतो. दिलेलं रेडिएशन परत काढता येत नाही.

बाबांच्या बाबतीत गाठ उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात आहे. फुप्फुसात सगळ्यात जास्त हालचाल तिथेच असते, कारण खाली लगेच श्वासपटल. वरच्या टोकाची गाठ श्वासागणिक जेमतेम हलते, खालची सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर, कधी त्याहून जास्त वरखाली होते. म्हणजे २.२ सेंटिमीटरची गाठ आणि तिच्या निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त तिची धाव. हे सांभाळायच्या दोन-तीन पद्धती आहेत. गाठ जिथे जिथे जाते तो सगळा पट्टा रेडिएशनखाली घ्यायचा, ही सोपी पद्धत, पण त्यात निरोगी फुप्फुस जास्त जातं. श्वास रोखून धरायला लावायचा, पण सीओपीडीच्या रुग्णाला वीस-पंचवीस सेकंद श्वास रोख म्हणणं म्हणजे थट्टाच. किंवा गाठीबरोबर हलायचं, आणि यात हा रोबो खरा कामाला येतो.

रुग्ण एक घट्ट जाकीट घालतो, त्यावर लाल दिव्यांचे तीन ठिपके असतात. कॅमेरे ते ठिपके, म्हणजे छातीचं वरखाली होणं, सतत वाचतात. एक्स-रे मात्र अधूनमधूनच निघतो, त्यात गाठ दिसते. छाती इथे असताना गाठ कुठे असते, याचं नातं संगणक सुरुवातीच्या काही मिनिटांत जुळवतो आणि मग छातीवरून गाठीचा अंदाज बांधत रोबोला हलवत राहतो. रोबोचा वजनदार हात हलायला सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास उशीर होतो, म्हणून अंदाज थोडा पुढचा बांधावा लागतो. कन्सोलवर बसून बघताना सवय होऊनही मजा वाटते : काउचवर, म्हणजे उपचाराच्या टेबलावर, माणूस शांत श्वास घेतोय आणि इतका जड लोखंडी हात त्याच्या श्वासाच्या लयीत डुलतोय.

एक्स-रेत गाठ दिसायची कशी? बाबांची गाठ दीड सेंटिमीटरपेक्षा मोठी आहे, कडेला आहे, हवेने भरलेल्या काळ्या फुप्फुसात पांढरी उठून दिसेल. ती मणक्याच्या किंवा हृदयाच्या सावलीत लपत नसेल तर थेट तिचाच माग काढता येईल. लपत असेल तर गाठीत किंवा तिच्या आसपास सोन्याचे मार्कर, म्हणजे खुणेचे तुकडे, बसवावे लागतात, तांदळाच्या दाण्यापेक्षा बारीक, सुईतून. आणि इथे 'बिनसुईचा' उपचार एकदम सुईचा होतो. फुप्फुसात सुई गेली की हवा गळून फुप्फुस मिटण्याचा धोका असतो, आणि सीओपीडीत फुप्फुस आधीच फुग्यासारखं ताणलेलं असल्यामुळे तो जास्त. म्हणून तुम्ही पहिला प्रश्न हा विचारा : मार्कर लागणार आहेत का? लागणार नसतील तर बरंच काही सुटलं.

मार्कर बसवल्यावर साधारण आठवडाभर थांबायचं आणि मग प्लॅनिंगचा, म्हणजे उपचाराचा आराखडा आखायचा, सीटी काढायचा, असा दंडक आहे. कारण सुरुवातीचे काही दिवस ते थोडे सरकू शकतात. हा दंडक मी एकदा मोडला. सुरुवातीची वर्षं होती. रुग्ण लांबून आलेला, मुक्कामाची अडचण, घरच्यांची घाई. मी तिसऱ्या दिवशी सीटी केला. उपचाराच्या दिवशी काउचवर घेतलं, पहिला फोटो काढला, तर चारपैकी एक मार्कर जागा सोडून बसलेला. त्यांच्यातली अंतरं जुळेनात आणि संगणक पुढे जायला तयार नाही. फिजिसिस्टनी (डोसचं गणित आणि मशीन सांभाळणारे भौतिकतज्ज्ञ) माझ्याकडे बघितलं, काही बोलले नाहीत. तो मार्कर वगळून उरलेल्या तिघांवर काम भागवता आलं असतं, पण हलला तो एकच की बाकीचेही थोडे, याची खात्री देता येईना. रुग्णाला उठवलं, माफी मागितली, पुन्हा सीटी, पुन्हा प्लॅन. वाचवलेले चार दिवस दहा दिवसांना पडले. तेव्हापासून घाई करणाऱ्या नातेवाइकांना मी हीच गोष्ट सांगतो.

मशीनवर जाण्याआधीचं काम लोकांना दिसत नाही, पण निम्म्याहून जास्त कष्ट तिथेच असतात. एक-सव्वा मिलिमीटरच्या कापांचा सीटी, त्यावर मी प्रत्येक कापात गाठीची कड हाताने रेखतो. मग अन्ननलिका, मोठ्या श्वासनळ्या, हृदय, मज्जारज्जू, बरगड्या. फिजिसिस्ट त्यावर प्लॅन बांधतात, आम्ही दोघं भांडतो, पुन्हा बांधतात. आणि रोज सकाळी पहिल्या रुग्णाच्या आधी मशीनची परीक्षा होते. एका ठोकळ्यात धातूचा छोटा गोळा असतो, त्याच्या मागे फिल्म. रोबोने गोळ्याचा माग काढून त्यावर शलाका सोडायची. फिल्मवर काळं वर्तुळ उठतं आणि त्याच्या मधोमध गोळ्याची पांढरी सावली. ती सावली बरोबर मध्ये आहे की किंचित एका बाजूला कललेली, हे मोजायचं. संपूर्ण साखळीची चूक एक मिलिमीटरच्या आत यायला हवी. नाही आली तर त्या दिवशी मशीन बंद, बाहेर रुग्ण कितीही खोळंबलेले असोत. तुम्हाला कुठल्याही केंद्रात काही विचारायचं असेल तर मशीनच्या मॉडेलपेक्षा हे विचारा, की ही तपासणी कोण करतं आणि फिजिसिस्ट पूर्णवेळ आहेत का.

गाठ कडेला आहे हे तुम्ही लिहिलंत, ते वाचून मला हायसं वाटलं. २००६ मध्ये अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठाच्या एका अभ्यासात ७० रुग्णांना तीन सिटिंगमध्ये ६० ते ६६ ग्रे दिले होते. दोन वर्षांनंतर, गाठ कडेला असलेल्यांपैकी ८३ टक्के गंभीर दुष्परिणामांपासून दूर होते. मधोमध, मोठ्या श्वासनळ्यांजवळ असलेल्यांत हा आकडा ५४ टक्क्यांवर आला. डोस तोच, मशीन तेच, फक्त जागा वेगळी. तेव्हापासून मोठ्या श्वासनळ्यांभोवतीचं दोन सेंटिमीटरचं वेटोळं आम्ही वेगळ्या नियमांनी हाताळतो : डोस कमी, सिटिंग जास्त. 'तीन ते पाच' असं तुम्हाला मोघम सांगितलं ते याचसाठी असणार. बरगडीला लागून असेल तरी पाचवर जातात.

फायदा किती? ऑपरेशन न झेपणाऱ्या, कडेच्या गाठीच्या रुग्णांवर अमेरिकेत झालेल्या आरटीओजी (रेडिएशनचे अभ्यास करणारा तिथला गट) ०२३६ या अभ्यासाचे निकाल २०१० मध्ये आले. ५५ रुग्ण, तीन सिटिंग, ५४ ग्रे. तीन वर्षांनी ९७.६ टक्के रुग्णांत ती मूळ गाठ काबूत होती. हा आकडा सगळे सांगतात. दुसरा आकडा सांगताना आवाज थोडा खाली जातो : तीन वर्षांनी हयात असलेले ५५.८ टक्के. दोन्ही खरे आहेत आणि त्यांच्यात विसंगती नाही. हे रुग्ण बाबांसारखेच होते, हृदय थकलेलं, फुप्फुसं झिजलेली, म्हणूनच तर सर्जनने नाही म्हटलेलं. काहींना कर्करोग दुसरीकडे निघाला, काहींना मूळ आजारांनी गाठलं. त्यामुळे गाठीवर उपचार चालू असताना सीओपीडीची औषधं, लसी, धूम्रपान पूर्ण बंद, यांना दुय्यम समजू नका. या रुग्णांचं आयुष्य त्यावरही तितकंच ठरतं.

त्रास काय होऊ शकतो ते आता सरळ सांगतो. पहिल्या काही दिवसांत थकवा. काही आठवड्यांपासून सहा महिन्यांपर्यंत कोरडा खोकला, दम, बारीक ताप आला तर तो रेडिएशनने फुप्फुसाला आलेला दाह असू शकतो. स्टेरॉइडने बहुतेकदा आवरतो, पण तो ओळखायला हवा. अनेकदा गावातले डॉक्टर न्यूमोनिया समजून अँटिबायोटिक देत राहतात, कारण रेडिएशन झालंय हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. कागद जवळ ठेवा. बरगडीजवळ गाठ असेल तर काही महिन्यांनी छातीत दुखणं, क्वचित बरगडीला तडा. आणि एक गोष्ट आधीच विचारून घ्या : सीटीत सीओपीडीच्या जोडीने फुप्फुसाचं फायब्रोसिस (ऊती व्रणासारखी घट्ट होत जाणं), म्हणजे आयएलडी, आहे का? सीओपीडी असलेले हा उपचार बऱ्यापैकी सोसतात. आयएलडी असेल तर हाच उपचार जिवावर बेतू शकतो. दोन्हीत दम लागतो, म्हणून घरच्यांना फरक कळत नाही. सीटीत कळतो.

आणखी एक इशारा, कारण याने लोकांची झोप उडते. उपचारानंतर तीन-सहा महिन्यांच्या सीटीत गाठीच्या जागी मोठा पांढरा ढग दिसू शकतो, मूळ गाठीपेक्षाही मोठा. रिपोर्टवर 'वाढ झाल्याची शंका' असं लिहून येतं. बऱ्याचदा तो रेडिएशनचा व्रण असतो. ज्याने उपचार केला त्याला जुने सगळे सीटी दाखवल्याशिवाय घाबरू नका, आणि त्याच्या सल्ल्याशिवाय पुन्हा बायॉप्सीला सुई घालू देऊ नका.

आता मावशी. मेंदूतल्या गाठीला एका सिटिंगमध्ये किती डोस सुरक्षित, हे शोधणारा आरटीओजी ९०-०५ हा जुना अभ्यास आजही आमच्या डोक्यात असतो. पूर्वी रेडिएशन झालेल्या रुग्णांवर तो झाला. त्यातून आलेली मर्यादा अशी : व्यास २ सेंटिमीटरपर्यंत २४ ग्रे, २ ते ३ पर्यंत १८, ३ ते ४ पर्यंत १५. गाठ मोठी तितका डोस कमी, म्हणजे जिथे जास्त मारा हवा तिथेच कमी देता येतो. कारण घनफळ. व्यास दुप्पट झाला की घनफळ आठपट होतं. मावशीची साडेचार सेंटिमीटरची गाठ दोन सेंटिमीटरच्या गाठीच्या अकरा पटींहून मोठी. तिच्या कडेभोवती जो उतार पडतो त्यातही तितकाच जास्त चांगला मेंदू भाजून निघतो (पाहा, मीसुद्धा 'भाजून' म्हणालो). मोठी गाठ तीन-पाच सिटिंगमध्ये विभागून देता येते, पण मावशीला थांबायला वेळच नव्हता. उलट्या आणि डोकेदुखी म्हणजे कवटीतला दाब वाढलेला. सर्जनने गाठ काढली की दाब त्याच दिवशी उतरतो. रेडिओसर्जरीने गाठ आटायला आठवडे ते महिने लागतात, आणि सुरुवातीला सूज वाढूही शकते. त्या अवस्थेत मावशीला माझ्याकडे पाठवलं असतं तर मी सर्जनला फोन करून परत पाठवलं असतं. शिवाय ऑपरेशनमुळे गाठ कशाची हे कळतं, रेडिओसर्जरीत हाती काहीच लागत नाही. गाठ दुसरीकडून मेंदूत पसरलेली असेल तर ऑपरेशननंतरच्या पोकळीवर बहुधा रेडिओसर्जरी देतात. मावशीच्या कागदांत ते आहे का, एकदा पाहा.

मेंदूत ही पद्धत चांगली चालते ती लहान, रेखीव कडांच्या गाठींवर. कानाच्या मज्जातंतूची गाठ, म्हणजे व्हेस्टिब्युलर श्वानोमा, १२-१३ ग्रेमध्ये बहुतेकदा वाढायची थांबते. 'थांबते' हा शब्द नीट ऐका, नाहीशी होत नाही, आणि पहिल्या वर्षा-दीड वर्षात ती किंचित फुगून मग बसते. दृष्टीच्या मज्जातंतूला चिकटलेल्या गाठीला एकाच सिटिंगमध्ये डोस देणं मी टाळतो. तो तंतू एका वेळेला ८ ते १० ग्रेच्या वर सोसत नाही आणि गेलेली दृष्टी परत येत नाही. मेंदूत पसरलेल्या दोन-चार लहान गाठींना मात्र आता पूर्ण मेंदूला रेडिएशन देण्याऐवजी हाच उपचार आधी देतात. त्याने स्मरणशक्ती जास्त टिकते, हे २०१६ मध्ये आलेल्या अभ्यासाने दाखवलं. मेंदूतही व्रणाचा प्रश्न आहेच. वर्षभराने एमआरआयमध्ये कडेने चमकणारं कडं दिसतं आणि ते उलटलेली गाठ की रेडिएशनने मेलेली ऊती, हे सांगताना आम्हालाही घाम फुटतो.

बाकीच्या अवयवांचं भरभर सांगतो. प्रोस्टेटमध्ये पाच सिटिंगमध्ये ३६.२५ ग्रे. २०२४ मध्ये आलेल्या पेस-बी या अभ्यासात पाच वर्षांनी हा छोटा उपचार लांबलचक उपचाराइतकाच परिणामकारक ठरला. यकृतात चालतो, यकृताची उरलेली ताकद चांगली असेल तर. स्वादुपिंडात अवघड, शेजारी आतडं चिकटलेलं, त्याला भोक पडू शकतं. ल्युकेमिया, लिम्फोमा (रक्ताचे आणि लसिकाग्रंथींचे कर्करोग), किंवा शरीरभर पसरलेला रोग, तिथे याचा संबंध नाही. अंगभर पसरलेल्या आजाराला नेम कुठे धरणार? मोजक्या, पाचपर्यंत गाठी इतरत्र असतील तर सेबर-कॉमेट या अभ्यासात आयुष्यमान २८ महिन्यांवरून ४१ महिन्यांवर गेलेलं दिसलं. पण त्याच अभ्यासात उपचार मिळालेल्या ६६ पैकी ३ जण उपचारामुळे दगावले. चीर नसलेल्या उपचाराने. हा आकडा मी मुद्दाम सांगतो.

नातेवाईक हमखास विचारतात, 'सायबरनाइफच हवं का?' नाही. छातीत हलणारी गाठ असेल तर त्याचा माग काढायची सोय खरी कामाची आहे. पण चांगल्या साध्या लिनॅकवर, श्वासाची नीट व्यवस्था लावून दिलेला उपचारही तितकाच चालतो, आणि वेळ कमी लागतो. वर सांगितलेला ५५ रुग्णांचा अभ्यास रोबोची परीक्षा घ्यायला झालाच नव्हता. घराजवळ साधा लिनॅक आणि अनुभवी टीम असेल आणि सायबरनाइफ दूरच्या शहरात, तर दमेकरी माणसाला फक्त नावासाठी इतकी पायपीट करायला लावू नका.

प्रत्यक्ष दिवस साधा असतो. काउचवर पाठीवर निजायचं, जाकीट, दिवे. आम्ही बाहेर जातो, आतमध्ये कॅमेरा आणि माइक असतो, बाबा बोलले की ऐकू येतं. रोबो एका जागी थांबतो, हलका आवाज येतो, मग सरकतो, असं पाऊण तास ते तासभर. खोकला आला तर सांगायचं, आम्ही थांबवतो. जोराने हलले तर मशीन स्वतःच थांबतं. रोबो अंगावर येईल ही भीती बऱ्याच जणांना असते, त्यासाठी रुग्णाभोवती त्याला एक हद्द आखून दिलेली असते. संपलं की उठून घरी. अंगात रेडिएशन शिल्लक राहत नाही, नातवंडं मांडीवर बसली तरी चालतील.

जाण्यापूर्वी दोन गोष्टी. पेसमेकर असेल तर पहिल्याच भेटीत सांगा, त्याची वेगळी तपासणी लागते. आणि बाबांना आजपासून घरी, एका पातळ उशीवर, हात अंगाशी ठेवून सपाट पाठीवर तासभर निजायला लावून बघा. सीओपीडीचे अनेक रुग्ण दोन उश्यांशिवाय झोपू शकत नाहीत. तेवढा वेळ जमत नसेल तर ते काउचवर चढल्यावर नाही, प्लॅनिंगच्या सीटीआधी डॉक्टरांना कळलं पाहिजे. ज्या स्थितीत सीटी होतो त्याच स्थितीत उपचार द्यावा लागतो.